बाराबंदीला काज-बटण चालेल का? जुन्या पोशाखांवर समुद्रापारच्या व्यापाराचा हात

कातरवाला

नमस्कार मंडळी. मी शिंपी, घरातली तिसरी पिढी. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात दुकान आहे. एरवी इथं फक्त वाचतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण अडलोय.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीनं मर्दानी खेळाच्या पोरांसाठी चाळीस पोशाख सांगितलेत. बाराबंदी, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला पटका. अट एकच, "सगळं अस्सल मराठी पाहिजे, परदेशी काही नको." मी हो म्हणालो. रात्री कापडाची यादी करायला बसलो आणि हात थांबला. सुरवार हा शब्दच फारसीतून आलाय. जरी फारसी. मखमल, अतलस ही नावं अरबी-फारसी. सदरा अरबी. आमच्या धंद्यात दिवसातून शंभरदा तोंडात येणारा 'काज' पोर्तुगीज, असं मागं एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. परकं म्हणून एकेक वगळत गेलो, तर हातात धोतर आणि घोंगडं उरलं.

मला शब्दांचा वाद घालायचा नाही. कापड फाडायच्या आधी एवढंच समजून घ्यायचंय की सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या माणसाच्या अंगावर जे होतं, त्यातलं काय कुठून आलं आणि आल्यावर इथं त्याचं काय झालं. जाणकारांनी सविस्तर लिहावं. चाळीस अंगांचा प्रश्न आहे.

मंगळवारपेठी

दादा, ती अट घालणाऱ्यात मीही होतो. त्यामागं प्रेम आहे, दुसरं काही नाही. मिरवणुकीत काही पथकं चमचमणारं सिंथेटिक मखमल आणि सोनेरी प्लास्टिकच्या बटणांचे अंगरखे घालून येतात. ते बघून जीव तुटतो. म्हणून म्हटलं, आपलं ते आपलं असावं. आता तुमची यादी वाचून मलाच प्रश्न पडलाय. वाचतोय.

पंचगंगाकाठ

कातरवाला, प्रश्न फार चांगला विचारलात. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. सुरुवात कोल्हापुरातूनच करतो.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, सातवाहन काळातलं नांदतं गाव उघडं पडलं. पंचगंगेच्या काठावर, समुद्रापासून घाट चढून आल्यावर, रोमन जगातला समुद्रदेव. दरवर्षी मुलांना घेऊन जायचो आणि त्या मूर्तीपुढं उभा राहिलो की मला भरून यायचं. हा देव इथवर आला तो व्यापाराच्या वाटेनं.

त्या वाटेवरून परत काय जायचं? कापड. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण आहे. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आपल्या धाराशिवजवळचं तेर. तगरहून गाड्यांतून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला काय जातं, तर पुष्कळसं साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि जांभळट रंगाचं एक कापड. प्लिनी नावाचा रोमन लेखक त्याच शतकात तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे किमान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, ओढून घेतो. यात मिरी, मोती सगळं आलं, पण मलमलही आली.

आपल्या हवेत सुती कापड टिकत नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकलं. जुन्या कैरोत, फुस्तात नावाच्या जागी, गुजराती ठशांची शेकडो चिरगुटं सापडली. नीळ आणि तांबडा, त्यात हंसांच्या ओळी, वेली, ठिपके. काही दहाव्या शतकाच्या आसपासची, बरीचशी त्यानंतरची. राजेमहाराजांची वस्त्रं नव्हेत ही, साध्या माणसांच्या अंगावरची, फाटेपर्यंत वापरलेली. कैरोतला कुणी हमाल गुजराती ठशाचा सदरा घालून फिरत होता, वास्को द गामाच्या कितीतरी आधी.

तेव्हा 'परदेशी काही नको' ही अट त्या काळात पाळायची झाली असती तर अडचण इथं झालीच नसती. अडचण झाली असती ती कैरोत.

गोंयकाठ

मूळची कागलची, लग्नानंतर गोव्यात. काजाबद्दल खरं सांगितलंय गिऱ्हाइकानं. पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणजे घर. बटणाचं घर ते काझा, आपलं काज. फीतही पोर्तुगीज. साया, तोही पोर्तुगीज. टुवाल, तेच. आमच्याकडं म्हाताऱ्या अजून बटणाला बुतांव म्हणतात.

पण मला शब्दांपेक्षा एक कपडा सांगायचाय. गोव्यातल्या ख्रिस्ती बायकांचा जुना उंची पोशाख म्हणजे पानो-भाजू. खाली गुंडाळायचं वस्त्र, वर मखमली किंवा रेशमी, जरीकाम केलेला सैल भाजू. आता मलय भाषेत 'बाजू' म्हणजे अंगातला सदरा. पोर्तुगीजांकडं मलायातलं मलाक्का बंदर १५११ पासून १६४१ पर्यंत होतं. गोवा आणि मलाक्का एकाच जहाजी वाटेवरची ठाणी. त्या वाटेवर बायकांचा कपडा फिरला, नाव घेऊन फिरला. पोर्तुगालची म्हणावी अशी त्यात फारशी गोष्ट नाही. मलायाची बाही, गोव्याचं अंग आणि गुंडाळायची आपली जुनी सवय. पहिल्यांदा हा पोशाख जवळून बघितला तेव्हा दहा मिनिटं नुसती बाहीची जोड बघत होते.

अलिबागजवळच्या चौल बंदराचंही सांगते. पोर्तुगीजांच्या काळात चौलचे विणकर चीनहून आलेल्या कच्च्या रेशमाचं कापड विणायचे आणि ते नावाजलेलं होतं. ते रेशीम अस्सल कुठलं म्हणायचं?

कातरवाला

ताई, सर, डोकं उघडलं माझं. आता कातरीच्या बाजूनं मी बोलतो, कारण तेवढंच मला येतं.

बाराबंदीला बंद असतात, नावातच आहे. बंद हा फार शहाणा प्रकार. माणूस जाड झाला, बारीक झाला, बंद सैल करा नाहीतर ओढून बांधा. आजोबांची बाराबंदी नातू घालू शकतो. बटणाचं तसं नाही. बटण आलं की कपडा एका मापाचा झाला, मग माप घेणारा शिंपी पाहिजे, मग छातीची माया अर्ध्या बोटाची सांभाळायची. कापडाची घुंडी आणि दोऱ्याचा फास आपल्याकडं होताच. पण कापडाला चीर देऊन, कडा दोऱ्यानं भरून त्यात बटण घालायचं, या कामाचं नाव पोर्तुगीज असेल तर त्या कामाची रीतही त्या वाटेनंच हातात आली असणार असं मला वाटतं. वडील मला सात वर्षांचा असताना पहिलं काज करायला बसवायचे. चार वाकडे आले की उसवून पुन्हा. ते काज आता परकं म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरं, बंद डावीकडं की उजवीकडं. यावरही मी अडलो होतो. आमच्या एका गिऱ्हाइकानं आईन-इ-अकबरीतला उतारा वाचून दाखवला. टकौचिया नावाचा हिंदुस्थानी पद्धतीचा बिनअस्तराचा अंगरखा, पूर्वी त्याच्या घेराला चिरा असायच्या आणि तो डावीकडं बांधायचे. अकबरानं घेर गोल करायला लावला आणि बंद उजवीकडं नेले. म्हणजे बंदाची बाजूसुद्धा दरबारातून बदलते.

आणि कळ्या, म्हणजे घेरासाठी जोडलेले तिरपे तुकडे. जुन्या अंगरख्यात इतक्या कळ्या का? हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान. अरुंद कापड वाया न घालवता घेर काढायचा तर तिरप्या कळ्या कापून उलटसुलट जोडायच्या, काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा, टाकायचा. एक चिंधीसुद्धा फेकावी लागत नाही. पन्हा वाढला, गिरणीचं कापड आलं, तशा कळ्या कमी झाल्या. मागाची रुंदी बदलते तसा बेत बदलतो.

हिरडा

मी नैसर्गिक रंगाईचं काम करते, इचलकरंजीजवळ. इथल्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून घराघरात माग. पण मी उलट्या दिशेला गेले, मुळं आणि साली उकळत बसले.

मला छिटीबद्दल, म्हणजे रंगीत नक्षीच्या सुती कापडाबद्दल, बोलायचंय, कारण या सगळ्या विषयाचा जीव तिथं आहे. इंग्रजांचा 'चिंट्झ' म्हणजे आपली छीट, डचांचा 'सिट्स' तोच. मछलीपट्टणमच्या बाजूला, कुतुबशाही मुलखात, ते कापड कलमानं रंगवायचे. कृती सोपी नाही. आधी कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवायचं. आपल्या शाहूवाडी-आजऱ्याच्या रानातला असतो तोच हिरडा. मग लोखंडाच्या पाण्यानं काळ्या रेघा, तांबड्यासाठी तुरटीनं रंगाच्या जागा भरायच्या, मग चाय नावाच्या मुळ्यांत उकळायचं. तुरटी लागली तिथं तांबडं धरतं, बाकीचं धुऊन निघतं. निळ्यासाठी बाकी सगळ्या कापडावर मेण. असं पुन्हा पुन्हा. रंग कापडाच्या वर बसत नाही, तंतूत शिरतो. धुतला तरी हलत नाही. युरोपला ही जादू वाटली, कारण त्यांच्याकडचं रंगीत कापड पाण्याला भ्यायचं. सॅम्युएल पीप्स नावाचा लंडनचा एक सरकारी अधिकारी १६६३ साली रोजनिशीत लिहितो की बायकोच्या खोलीच्या भिंतींना लावायला छीट घेतली.

आता कातरवाल्यांच्या प्रश्नाला लागून असलेली गोष्ट. १६४३ साली लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सुरतेला लिहिलं की तुमच्या रजया बहुतेक उदास तांबड्या जमिनीच्या, म्हणजे नक्षीमागच्या रंगाच्या, येतात, सगळ्या गिऱ्हाइकांना रुचत नाहीत. यापुढं पांढरी जमीन जास्त ठेवा आणि मधोमध फांद्या-फुलं रंगाऱ्याच्या मर्जीप्रमाणं काढा. आपल्याला आवडणारी भरगच्च तांबडी जमीन मागं पडली, पांढऱ्यावर झाड आलं. ते झाड कुठलं? थोडं इराणी, थोडं चिनी, थोडं इंग्रजी भरतकामातलं, आणि काढणारा हात तेलुगू. त्याच काळात सयामच्या म्हणजे आजच्या थायलंडच्या दरबारासाठी तोच किनारा वेगळं कापड रंगवत होता, सयामी नक्षीचं. जावा-सुलावेसीकडं गुजरातचा पटोळा जायचा, तिथं तो पूजेचा झाला, पिढ्यानपिढ्या पेटाऱ्यात. जपानात छिटीला 'सारासा' म्हणायचे. एकेका बंदरासाठी वेगळी नक्षी, आणि ते सगळं लक्षात ठेवणारे रंगारी आपले. यातल्या एकाही रंगाऱ्याचं नाव मला माहीत नाही. ते फार लागतं मनाला.

मग युरोप घाबरला. फ्रान्सनं १६८६ साली छिटीवर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत. इंग्लंडनं १७०० आणि १७२१ चे कायदे केले. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात छीट घातलेल्या बायकांचे कपडे फाडले. बंदीच्या काळातच १७४२ साली केर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं इथल्या रंगाऱ्यांकडून सगळी कृती काढून घेतली आणि पत्रातून युरोपला कळवली. १७८३ साली थॉमस बेलनं तांब्याच्या रुळावरून छपाई करायचं पेटंट घेतलं. पुढं गिरणीचं छापील कापड आपल्याच बाजारात आलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

दर्या_रत्नागिरी

हिरडाताई, उत्तम लिहिलंत. पण एक बाजू राहिली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मछलीपट्टणम ज्यावर आहे त्याच पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून निळीत रंगवलेलं कापड पश्चिम आफ्रिकेला जायचं, त्याचं नावच गिनी कापड. पाँडेचेरीचं निळं त्यात नामांकित. अठराव्या शतकात तिथल्या किनाऱ्यावर माणसं विकत घेतली जायची, आणि त्या मोबदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात मोठा वाटा कापडाचा, त्यातही हिंदुस्थानी कापडाचा. आफ्रिकेतलं गिऱ्हाईक चोखंदळ होतं, कोणत्या बंदरावर कोणती पट्टी आणि कोणती चौकट चालते हे ठरलेलं. इंग्रजांनी नक्कल करून दिली तर रंग उतरतो म्हणून परत करायचे. म्हणजे आपल्या विणकराच्या मागावरची चौकट आफ्रिकेतल्या आवडीनं ठरत होती आणि त्या चौकटीच्या बदल्यात माणूस जहाजात कोंबला जात होता. विणकराला याचा पत्ता नसणार. आज आपल्याला पत्ता आहे. पुढं त्याच गुलामांच्या मुलाबाळांनी अमेरिकेत वेचलेला कापूस मँचेस्टरला गेला आणि त्याचं कापड आपल्या बाजारात आलं.

निळं कापड हातात घेतलं की मला हे आठवतं. कौतुक करताना हेही लिहिलं जावं, एवढंच.

पंचगंगाकाठ

दर्या, लिहिलंत ते बरं केलंत. वर्गात मी हा भाग दोन वाक्यांत उरकायचो. तसं करायला नको होतं.

सांजवात

मी इथं क्वचित लिहिते. हिरडाताईंचं पांढऱ्या जमिनीचं वाचून उठले आणि माळ्यावरची पेटी काढली. माझ्या पणजीची पेटी, गडहिंग्लजची. त्यात एक लहान मुलाची बंडी आहे, आत कापूस भरून टाचलेली, कडेला तांबडी मगजी म्हणजे काठाची बारीक पट्टी, पुढं चार बंद. कापड छिटीचं. पांढरी जमीन, त्यावर तांबडी-तपकिरी फुलं आणि बारीक वेल. आजी म्हणायची, ही आपली जुनी छीट, आता असं कुणी करत नाही. आमच्या घरात चार पिढ्यांची बाळं बारशाला हीच घालून बसलीत.

ही कलमाची असेल का? कसं ओळखायचं?

हिरडा

सांजवात, आधी पाठीमागून बघा. मुळाच्या रंगात उकळलेलं कापड उलट्या बाजूनंही बरंच दिसतं. मग एक फूल निवडा, त्यात काही खोड असेल ती शोधा, तुटलेली पाकळी, अडकलेली रेघ. तीच खोड दुसऱ्या फुलात दिसते का? हातानं काढलेल्यात दोन फुलं कधीच सारखी नसतात.

कातरवाला

आणि ठशाची असेल तर ठसा टेकवलेल्या जागी जोड दिसते, रंग थोडा दुहेरी नाहीतर मध्ये फट. ती बघा. बंडी सरळ धुऊ नका, पाणी लावू नका. उन्हातही नको.

सांजवात

बघितलं, भिंग घेऊन बघितलं. मोठ्या फुलाच्या डाव्या पाकळीवर एक रेघ तुटलेली आहे. तीच तुटलेली रेघ बरोबर तेवढ्याच अंतरावर पुन्हा, पाठीवरही पुन्हा. जोड कुठंच नाही. उलटी बाजू जवळजवळ पांढरी.

म्हणजे गिरणीची. आजीनं आयुष्यभर हातची म्हणून जपली. थोडं रडू आलं, खरं सांगते.

हिरडा

सांजवात, थांबा. रडू नका, नीट बघा तुमच्याकडं काय आहे ते. रुळाच्या छपाईचं कापड आहे, बहुतेक विलायती. पण त्याची पांढरी जमीन बघा. ती १६४३ च्या पत्रातली मागणी आहे. इथल्या रंगाऱ्यांनी ती मागणी ऐकून पांढऱ्यावर वेल काढला. तो युरोपात आवडला, तिथल्या लोकांनी त्याची नक्कल केली, मग रुळावर कोरला, आणि गडहिंग्लजच्या बाजारात तुमच्या पणजीनं तो गजावर मोजून घेतला. तिला तो आपला वाटला, आणि का वाटू नये? वेल इथूनच गेलेला होता. कापूस भरून टाचलाय तिच्याच हातानं ना?

सांजवात

हो. टाके तिचे आहेत. आजीनं तेवढं पक्कं सांगितलं होतं, कारण उजव्या काखेत चौबगला जरा वाकडा बसलाय आणि पणजीला त्याचं कायम वाईट वाटायचं.

गोंयकाठ

अशीच गोष्ट कोयरीची. काश्मिरी शालींच्या पदरावरचं मोगली फुलझाड हळूहळू शेंड्याला वाकत गेलं आणि कोयरी झाली. तिची नक्कल स्कॉटलंडच्या पेझली गावात इतकी विणली गेली की जगभर त्या आकाराला गावाचंच नाव पडलं. आपण रांगोळीत काढतो ती मात्र कोयरीच.

'गंजीफ्रॉक' हा अगदी आपल्या आजोबांचा शब्द आहे ना? तो ग्वेर्न्सी नावाच्या इंग्लिश खाडीतल्या बेटावरून आला, तिथल्या खलाशांचा विणलेला सदरा. आणि त्याचंच दुसरं नाव बनियन. इंग्रजीत 'बनियन' म्हणजे मात्र घरात घालायचा लांब सैल झगा, गुजराती वाण्यांवरून नाव पडलेला. डचांना जपानी शोगूनकडून किमोनो भेट मिळायचे, त्यावरूनही तो बेत घडला. नाव आपलं, बेत जपानकडचा, आणि घालून चित्र काढून घेणारे लंडनचे विद्वान.

मंगळवारपेठी

सगळा धागा तालमीत मोठ्यानं वाचला. दादा, अट मागं घेतोय. मग आता कसंही शिवलं तरी चालेल असं होत नाही ना? पोरं विचारतायत.

कातरवाला

कसंही अजिबात नाही. उलट आता जास्त जपून. मला समजलं ते असं की कुठून आलं हे बघण्यापेक्षा तेव्हा होतं का, हे बघायचं. बाराबंदी सुती पांढरी, हातमागाची, लहान पन्ह्याची, कळ्या आणि चौबगल्यासकट, बंदांची. बटण नाही. काज मला कितीही जवळचं असलं तरी या कपड्यात त्याचं काम नाही. सिंथेटिक मखमल बाद. भडक जांभळा आणि राणी रंग बाद, असले रासायनिक रंग १८५६ नंतरचे. शेल्यांना हिरडाताईंकडून तांबडा आणि निळा रंगवून घेणार, दर ठरवू. नायकाच्या अंगरख्याला मशरू घेतोय. उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा सुताचा, वरून रेशीम चमकतं आणि अंगाला सूत लागतं. अंगाला निव्वळ रेशीम नको असलेल्या मुसलमान गिऱ्हाइकांसाठी ही वीण, म्हणून नाव मशरू, म्हणजे चालणारं. घामाच्या माणसाला याहून चांगलं कापड मला तरी माहीत नाही, आणि पोरं तलवार फिरवणार आहेत.

सांजवातताई, एक विनंती. तुमच्या बंडीची मगजी आणि काखेतली जोड मला बघायची आहे. हात लावणार नाही, नुसतं कागदावर उतरवून घेईन. रविवारी दहाला टाऊन हॉलपाशी सर येतायत, पोसायडन दाखवायला. पोरांनाही आणतोय.

सांजवात

येते. बंडी मलमलीत गुंडाळून आणते. सावलीतच उघडायची, आणि वाकडा चौबगलाही तसाच उतरवून घ्या, सरळ करू नका.